ऐनवेळचे विषय

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधाय आणि विगृह्य. पहिली स्नेहभावाने होते, दुसरी जिंकण्याच्या ईर्ष्येने. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात रसांच्या संख्येविषयी भद्रकाप्यांनी ‘एक’ म्हटले, तर कांकायनांनी ‘असंख्य’. सर्वांची मते नोंदविल्यानंतरच पुनर्वसु आत्रेयांनी सहा रसांचा निर्णय दिला. सर्वांचे ऐकून मगच निर्णय करावा, ही आपली परंपरा आहे.

आपल्या संस्थांच्या सभांत ती कितपत पाळली जाते?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस आम्ही सभासद या नात्याने उपस्थित होतो. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली व त्याच जागी पुन्हा सुरू झाली. तालुक्यांतून आलेले वैद्य शेवटची एस.टी. गाठण्यासाठी निघून गेल्यावर, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली वर्गणी दुप्पट करण्याचा ठराव उरलेल्या अकरा जणांनी ‘सर्वानुमते’ संमत केला. त्या अकरांत आम्हीही होतो. पुढे कोणी भांडले नाही. अनेकांनी वर्गणी भरणे तेवढे थांबविले. एक ज्येष्ठ वैद्य आम्हांस म्हणाले, “विषय सूचनापत्रात असता, तर आम्ही मुक्कामाला थांबलो असतो.” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तहकूब सभेस गणसंख्येची अट नसावी, अशी तरतूद अनेक नियमावल्यांत असते. कामकाज अडू नये, एवढाच तिचा हेतू. म्हणून अशा सभेत सूचनापत्रातील विषयच घ्यावेत. ऐनवेळच्या विषयांत अभिनंदन, शोकप्रस्ताव वा निवेदने असावीत. वर्गणी, नियमदुरुस्ती, निवडणूक आणि स्थावर मालमत्ता कदापि नसावी. आर्थिक ठरावाचा मसुदा व लेखापरीक्षित हिशेब सूचनापत्रासोबतच पाठवावेत. बाहेरगावचे सभासद परतण्यापूर्वी महत्त्वाचे विषय घ्यावेत.

इतिवृत्तात सूचक, अनुमोदक, उपस्थिती आणि दोन्ही बाजूंची मतसंख्या लिहावी. एकाचाही विरोध असेल तर ठराव ‘बहुमताने’ संमत झाला असे लिहावे, ‘सर्वानुमते’ नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्या बदलास कोणी हरकत घेतली, तर सूचनापत्र व इतिवृत्त हाच संस्थेचा पुरावा ठरतो. औषधनिर्माते बंधू प्रत्येक बॅचची नोंद त्याच वेळी करतात. महिन्याने आठवून करीत नाहीत. इतिवृत्तासही तोच नियम लावावा.

आगामी वार्षिक सभेचे सूचनापत्र काढताना कार्यवाहांनी शेवटचे सदर एकदा तपासून पाहावे आणि त्यात दडलेला महत्त्वाचा विषय स्वतंत्र क्रमांकाने वर घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.