आजोबांचा फोटो मोठा करणारं यंत्र चाललं भंगारात. निगेटिव्ह मात्र वेळेत शोधा

यवतमाळ : बैठकीच्या भिंतीवर हार घातलेला आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो जिल्ह्यातल्या अनेक घरांत आहे. नीट पाहिलं तर कधी त्यांच्या खांद्यामागे दुसऱ्याच कुणाच्या फेट्याचं टोक दिसतं, कधी मागची जागा ब्रशने रंगवून सपाट केलेली असते. याचं कारण सोपं आहे. कित्येक आजोबा आयुष्यात एकट्याने फोटो काढायला बसलेच नाहीत. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत ते मागच्या रांगेत उभे होते. ते गेल्यावर घरच्यांनी तोच फोटो तालुक्याच्या स्टुडिओत नेला आणि त्यातला नखाएवढा चेहरा मोठा करून आणला.

नखाएवढ्या चेहऱ्याचा हातभर फोटो करणारं हे यंत्र म्हणजे एन्लार्जर. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा अशा गावांत बाजाराच्या दिवशी लोक फोटो काढायला यायचे, तेव्हा स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत हेच यंत्र काम करायचं. आता जुने स्टुडिओ बंद होतात, जागा रिकामी करायची वेळ येते आणि लोखंड किलोच्या भावाने जातं. खरी काळजीची गोष्ट म्हणजे त्याच्यासोबत निगेटिव्हचे डबेही जातात.

एन्लार्जर काम कसं करतो?

टुरिंग टॉकीजमधला प्रोजेक्टर आठवा. छोट्या फिल्ममधून उजेड जातो आणि पडद्यावर मोठं चित्र पडतं. एन्लार्जर म्हणजे तोच प्रकार, फक्त उभा. वरच्या डोक्यात दुधी काचेचा बल्ब असतो. त्याखाली जाड भिंगं असतात, ती उजेड सारखा पसरवतात. त्याखालच्या चौकटीत निगेटिव्ह बसतं. मग भात्यासारखी कातडी घडी आणि सगळ्यात खाली लेन्स. टेबलावरच्या फळीवर फोटोचा कागद ठेवतात. डोकं खांबावर वर नेलं की चित्र मोठं होतं, खाली आणलं की लहान.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरं धोतर काळं आणि काळे केस पांढरे दिसतात. त्यातून उजेड कागदावर पडला की पुन्हा उलट होतं आणि माणूस होता तसा दिसतो.

इतकं जड कशासाठी?

कॅमेऱ्याच्या ३५ मिलिमीटर रोलवरचा एक फोटो फक्त २४ बाय ३६ मिलिमीटरचा असतो. त्याचा १२ बाय १८ इंची फोटो करायचा तर लांबी-रुंदी साडेबारा पटींहून जास्त वाढते. निगेटिव्हवरचा धुळीचा बारीक कणही मग तांदळाच्या कणीसारखा दिसतो. उजेड चालू असताना डोकं जरा थरथरलं तरी नाकडोळे पुसट होतात. रस्त्यावरून ट्रक गेला तरी फोटो वाया जाण्याची भीती. म्हणून खांब जाड, पाया भारी आणि डोकं ओतीव धातूचं. ४ बाय ५ इंचांची मोठी निगेटिव्ह घेणारी यंत्रं तर एकट्या माणसाला हलवतही नाहीत.

फार मोठा फोटो करायचा असेल तर खांबाची उंची पुरत नाही. मग काही यंत्रांचं डोकं आडवं फिरवून चित्र समोरच्या भिंतीवर पाडतात आणि कागद भिंतीला लावतात. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट झाली की तोच उजेड चौपट जागेत पसरतो. म्हणजे १० सेकंदांचं काम जवळपास ४० सेकंदांवर जातं. एवढा वेळ यंत्र दगडासारखं स्थिर राहिलं पाहिजे.

लाल दिव्याखालचं काम

खोलीत फक्त लाल दिवा. आधी कागदाच्या पट्टीवर चाचणी घेऊन किती सेकंद उजेड द्यायचा ते ठरायचं. मग कागदावर उजेड पाडताना फोटोग्राफर हात मध्ये धरायचा. चेहरा काळा पडत असेल तर त्याच्यावर क्षणभर सावली, आकाश फार पांढरं असेल तर तिथे जास्त उजेड. हात सतत हलता ठेवायचा, नाही तर सावलीची कड उमटते. आज मोबाइलवर बोट फिरवून जे होतं, ते तेव्हा तळहाताने व्हायचं.

पुढे तीन ट्रे. पहिल्यात डेव्हलपर, त्यात कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू वर येतो. दुसऱ्यात ती क्रिया थांबते. तिसऱ्यात हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं द्रावण. त्यानंतर वाहत्या पाण्यात भरपूर धुणं. धुण्यात घाई झालेले फोटो काही वर्षांनी पिवळे पडतात.

व्होल्टेज आणि ऊन

आपल्या भागात या कामाला दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली विजेची. बल्बचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड साधारण ३० टक्के कमी होतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सकाळी ठरवलेले सेकंद चुकायचे आणि फोटो फिका यायचा. म्हणून एन्लार्जरसोबत स्टॅबिलायझर लागायचा.

दुसरी अडचण उन्हाची. डेव्हलपर साधारण २० अंशांवर नीट काम करतो आणि यवतमाळचा उन्हाळा ४४-४५ अंशांवर जातो. द्रावण गरम झालं तर फिल्मवरचा थर मऊ पडून सुटायला लागतो. त्यामुळे ट्रेच्या खाली बर्फ ठेवा, नाही तर पहाटे काम उरका.

यंत्रं आली कुठून, काम संपलं का?

चांगले एन्लार्जर बहुतेक परदेशी होते. इटलीची दुर्स्त कंपनी १९३६ पासूनची. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातली मेओप्टा, पोलंडचा क्रोकस आणि अमेरिकेची ओमेगा हीही नावाजलेली नावं. फिल्म आणि कागद मात्र आपल्याकडेही बनत. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. तिचा माल ‘इंदू’ नावाने विकला जायचा. बडोद्यात बनणारा अॅग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा तर अनेकांना आठवत असेल. त्याच्या एका रोलमध्ये १२ फोटो निघायचे, प्रत्येक निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटरचं.

पुढे रंगीत फोटो आले. ते शहरातल्या लॅबमध्ये यंत्रावर धुऊन यायचे. मग डिजिटल कॅमेरा आणि मोबाइल आले आणि अंधाऱ्या खोलीला कुलूप लागलं. जगात मात्र ही कला संपलेली नाही. इंग्लंडमध्ये इलफर्डचा कागद आजही बनतो. आपल्या देशात गुरुग्रामला म्युझिओ कॅमेरा या संग्रहालयात फोटोग्राफीची जुनी यंत्रं जपली आहेत.

निगेटिव्ह कशाला पाहिजे?

भिंतीवरच्या फोटोला ओल लागते, कसर लागते, धुराने तो पिवळा पडतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढला की काचेची चमक आणि सगळे डागही सोबत येतात. तो मोठा केला की चेहरा फाटतो. निगेटिव्ह मात्र डब्यात अंधारात पडलेलं असतं. कागदावर न उतरलेले बारकावे, सुरकुत्या, डोळ्यातली चमक त्यात अजून असू शकते. ग्रुप फोटोवरून चेहरा मोठा केला असेल तरी स्टुडिओने आधी त्या फोटोचं कॉपी निगेटिव्ह काढलेलं असतं. तेही आजच्या पिवळ्या फोटोपेक्षा बरं असण्याची शक्यता मोठी.

शोधायचं कसं?

फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का, नंबर किंवा तारीख असते का ते पाहा. फ्रेम उघडताना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच राहू द्या. शिक्का सापडला तर त्या गावात चौकशी करा. स्टुडिओ बंद असला तरी त्या कुटुंबाच्या घरी माळ्यावर डबे असू शकतात. निगेटिव्ह पाकिटात नंबर टाकून ठेवायची पद्धत होती. उशीर करू नका. एक्स-रे फिल्मसारखा जुन्या निगेटिव्हमध्येही चांदीचा अंश असतो, त्यामुळे तीही भंगारात विकली जातात.

मोबाइलवर असं घ्या

१. हात धुऊन, कोरडे करून निगेटिव्ह फक्त कडेने धरा. मऊ ब्रशने धूळ झाडा. पाणी किंवा फडकं लावू नका.

२. दुसऱ्या मोबाइलवर कोरा पांढरा फोटो लावून स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा.

३. निगेटिव्ह स्क्रीनला टेकवू नका, नाही तर स्क्रीनचे ठिपके येतात. दोन-तीन सेंटिमीटर वर काच ठेवून त्यावर निगेटिव्ह ठेवा. चकचकीत बाजू वर, म्हणजे डावं-उजवं बरोबर येतं.

४. खोलीतला दिवा बंद करून सरळ वरून फोटो काढा. मग फोटो एडिट करणाऱ्या अॅपमध्ये रंग उलटे करा.

मोठी फ्रेम करायची असेल तर शहरात स्कॅनरवर स्कॅन करून घेणं चांगलं. निगेटिव्हला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते खराब व्हायला लागलं आहे. आधी त्याचा फोटो घ्या. १९५० च्या आधीची काही फिल्म पटकन पेट घेणारी असते, ती चुलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा.

एन्लार्जर घरातच पडून असेल तर

जुनी वायर पाहिल्याशिवाय बटण चालू करू नका. खांबावरचं डोकं खोलून काढू नका. ते तोलून धरणारी स्प्रिंग जोरात ताणलेली असते, वजन निघालं की ती उसळून हात फोडू शकते. लेन्स आणि जाड भिंगं कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. रसायनांच्या जुन्या बाटल्या विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका.

यंत्र ठेवायला जागा नसेल तर ते विकलं जाईल, त्याला इलाज नाही. पण भंगारवाल्याचा काटा लागण्याआधी बाजूचे डबे उघडून पाहावेत. त्यात आपल्याच नाही, आजूबाजूच्या दहा गावांतल्या माणसांचे चेहरे असतात आणि त्यातल्या कित्येकांचा दुसरा फोटो कुठेच नसतो.