दुखतो गुडघा, सरकतो खुबा



एरवी या पानावर आम्ही लागणीची, खताची आणि तोडणीची माहिती देतो. या खेपेला विषय निराळा आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण आमच्या एका गटात मागल्या हंगामात जे घडलं, ते हाडांच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन आपल्यापुढं ठेवत आहोत.

एका सभासदाचा तेरा वर्षांचा मुलगा, अंगानं चांगला भरलेला, दिवाळीपासून लंगडत होता. गुडघा दुखतो म्हणायचा. तेल चोळून झालं, गुडघ्याचा फोटो काढून झाला. फोटोत काही नाही. शाळा बुडवायचं निमित्त, असं घरच्यांना वाटलं. जानेवारीत बांधावरून पाय घसरून पडला तो उठलाच नाही. पाय बाहेरच्या अंगाला वळलेला, जरा आखूड दिसणारा, आणि पोरगं हात लावू देईना. जमलेल्यांतला एकजण पाय ओढून बसवायला पुढं झाला. आमच्या चिटबॉयनं त्याला अडवलं, हे फार बरं झालं.

ऑपरेशन ठरलं तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, दुखणं गुडघ्याचं आणि ऑपरेशन खुब्याचं, हे कसं काय?"

शंका रास्त आहे. खुब्याला जाणाऱ्या मज्जातंतूचा फाटा गुडघ्यालाही जातो. त्यामुळं खुबा बिघडला तरी पोराला कळ गुडघ्यात किंवा मांडीत जाणवते.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या खोबणीत बसतो. गोळा आणि त्याखालची हाडाची मान यांच्यामध्ये वाढत्या वयात कूर्चेची चकती असते. उसाच्या पेरावरचं वाढीचं वलय आठवा. लोळलेला ऊस शेंड्याकडून पुन्हा वर वळतो तो त्या वलयामुळंच. जिथं वाढ, तिथं जागा कोवळी. साधारण दहा ते सोळा वर्षांच्या मुलांत, त्यातही वजनदार मुलांत, हा सांधा सरकू शकतो. गोळा खोबणीत राहतो आणि मान त्याच्यापासून निसटते.

कुबडी घेऊन का होईना, पण चालता येत असेल तर डॉक्टर त्याला स्थिर म्हणतात. कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नसेल तर अस्थिर. ही विभागणी 1993 साली अमेरिकेतील डॉ. लोडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यांनी तपासलेल्या 30 अस्थिर खुब्यांपैकी 14 खुब्यांत गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मेला. स्थिर 25 खुब्यांत एकही नाही. गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला लगटूनच जातात. पाय ओढला, पिळला, की त्या ताणतात. म्हणूनच त्या चिटबॉयचं मोल.

पोराला खाली उतरू दिलं नाही. पाय आहे तसाच उशांच्या आधारानं ठेवून, आडवं निजवून नेलं. त्याच दिवशी भूल देऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, बारीक छेदातून स्क्रू बसवून गोळा मानेला जखडला. सांध्यात साठलेल्या रक्ताचा दाब वाहिन्यांवर पडतो, तो कमी करायला सांध्याचं आवरण उघडून रक्तही काढलं. गोळा फारच सरकला असेल तर खुबा उघडून, वाहिन्या सांभाळून, तो जागेवर आणण्याची मोठी शस्त्रक्रिया आहे. ब्रिटनमधील डन यांची 1964 ची पद्धत स्वित्झर्लंडमधील गांझ यांनी सुधारली, ती ही. पण ती त्यातल्या सरावाच्या हातांचंच काम.

पालकांनी एवढं करावं : या वयाचं मूल लंगडत असेल आणि गुडघ्याचा फोटो चांगला आला, तर दोन्ही खुब्यांचा फोटो काढायला आपणहून सांगावं. चालता येत असताना निदान झालं तर काम पुष्कळ सोपं असतं. एका बाजूचा खुबा सरकला की दुसराही सरकण्याची भीती असते, तेव्हा त्याबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

पोरगं काही आठवडे कुबड्यांवर होतं, आता शाळेत जातं. गोळा तगला की नाही, याचा भरवसा यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. वडील दर खेपेला फोटो घेऊन गट ऑफिसात येतात. परवाचा चांगला होता. पुढचा दिवाळीनंतर.