शक्ती पोलिसांच्या स्वाधीन का झाला?

गेल्या महिन्यात बचतीचा हिशोब आटोपल्यावर आम्ही बायका टीव्हीवर ‘विरासत’ बघत बसलो. अनिल कपूर आणि तब्बूचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. शेवट झाला तशी एक काकू चिडूनच म्हणाल्या, “अख्खा गाव त्याच्या बाजूनं, मग हा येडा जेलात कशाला गेला?”

‘विरासत’ १९९७ चा. त्याचा मूळ सिनेमा तमिळ, ‘तेवर मगन’, म्हणजे तेवरांचा मुलगा. १९९२ च्या दिवाळीत आला. लिहिला कमल हासननं, आणि शक्तीही तोच. वडील झालेत शिवाजी गणेशन.

भांडण भावकीचं आहे. चुलतभाऊ मायन आणि शक्तीचं घर, दोघांत वैर. आधी देवळाच्या कुलपावरून पेटतं. मग एकाचा हात तोडला जातो, तळ्याचा बांध फुटून माणसं वाहून जातात, जत्रेत स्फोट होतो. दर वेळी ‘त्यांनी केलं म्हणून आम्ही’. मरतात मात्र तिसरीच माणसं. बांधाच्या वादात डोकी फुटलेली आपणही पाहिलीत, म्हणून हे परकं वाटत नाही.

शक्ती लंडनहून शिकून आलेला. त्याला यात पडायचंच नसतं. शेवटीही तो मायनला सांगतो, पोलिसांकडे चल. मायन ऐकत नाही, आणि झटापटीत शक्तीच्याच हातून त्याचा जीव जातो. तेव्हा गावकरी पुढे होतात. खून आम्ही अंगावर घेतो, तुम्ही राहा, म्हणतात.

इथंच काकूंचं उत्तर आहे. शक्तीनं ते मान्य केलं असतं, तर एखाद्या गरिबाचं घर उघडं पडलं असतं आणि पुढचा कोयता उचलणाऱ्यालाही खात्री झाली असती की आपल्यासाठी कुणीतरी जेलात जाईल. तो नकार देतो, कोयते टाका, पोरांना शिकवा म्हणतो आणि स्वतः पोलिसांबरोबर जातो.

मी हे सांगितलं. काकूंना पटलं, पण त्या म्हणाल्या, “आन् बायकूचं काय?”

पंचवर्णमचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं. तो नवरदेव मायनच्या धाकानं ऐनवेळी पळाला, म्हणून शक्तीनं तिच्याशी लग्न केलं. रेवतीला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संसार नुकता कुठं रुळत होता, तोवर नवरा जेलात. काकूंच्या या प्रश्नावर मला काही बोलता आलं नाही.