मोठ्या आतड्याचा कर्करोग (लेखांक पाचवा) : स्टेज आणि आयुष्याचा अंदाज

गेल्या लेखांकात गाठीचा तुकडा काढून तपासण्यापर्यंत आपण आलो होतो. वालूरहून सेलू, परभणी आणि पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत गेलेल्या रुग्णाच्या आप्तांना शस्त्रक्रियेनंतर जो अहवाल मिळतो, आणि ज्याचा सारा मजकूर ‘तिसरी स्टेज आहे’ एवढ्या तीन शब्दांत त्यांना सांगितला जातो, त्याच्या मागे नव्वद वर्षांहून अधिक काळची मोजदाद आहे; ती कशी झाली हे समजल्यावाचून त्या शब्दांचे भयही यथायोग्य राहत नाही आणि आशाही.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी शस्त्रक्रियेत काढलेली गुदाशये कापून, न्याहाळून, आणि पुढे कोण हयात राहिला व कोण मयत झाला याची हकीकत चिकाटीने दप्तरी दाखल करून १९३२ साली जे वर्गीकरण मांडले, तेच पुढील पद्धतींचा पाया ठरले. वालूरच्या चक्राकार बारवेत पायरीपायरीने पाण्याकडे उतरावे, तसा हा रोग आतड्याच्या अस्तरातून स्नायूच्या थरात आणि मग त्यापलीकडे खोल जातो. भिंतीतच असेल तो वर्ग ‘ए’, भिंत भेदली पण लसिका ग्रंथी मोकळ्या राहिल्या तो ‘बी’, आणि ग्रंथींत शिरला तो ‘सी’. १९५८ साली ड्यूक्स व त्यांचे सहकारी बसी यांनी प्रसिद्ध केलेल्या हिशेबात, अन्य कारणांनी झालेले मृत्यू वगळता, पाच वर्षांनी पहिल्या वर्गातील जवळजवळ सर्व, दुसऱ्यातील सुमारे तीन चतुर्थांश आणि तिसऱ्यातील केवळ एक तृतीयांश रुग्ण हयात आढळले.

आज रूढ असलेली टी-एन-एम पद्धती फ्रान्सच्या पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात घडविली : ‘टी’ म्हणजे खोली, ‘एन’ म्हणजे बाधित ग्रंथी, ‘एम’ म्हणजे यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांतील प्रसार; या तिन्हींवरून स्टेज ठरते. परंतु पहिल्या स्टेजपेक्षा दुसरी आणि दुसरीपेक्षा तिसरी वाईटच, हा समज पुरता खरा नाही. उथळ गाठ आणि एखाददुसरी बाधित ग्रंथी असलेले ‘तिसरी-ए’चे रुग्ण, ज्यांची गाठ शेजारच्या अवयवात घुसली आहे पण ग्रंथी मोकळ्या आहेत अशा ‘दुसरी-सी’च्या रुग्णांपेक्षा सरासरीने अधिक जगतात.

ग्रंथी मोकळ्या आहेत असे म्हणण्यापूर्वी किमान १२ ग्रंथी शोधून सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्यात असा शिरस्ता आहे. पाचच तपासल्या आणि बाधित ग्रंथी नजरेतून सुटली, तर तिसऱ्या स्टेजचा इसम दुसरीत गणला जातो आणि त्याला मिळावयाची केमोथेरपी राहून जाण्याचा धोका असतो. उलट शोध कसून होऊ लागला की असे इसम दुसऱ्या वर्गातून तिसऱ्यात जातात; दुसऱ्यातले अधिक आजारी कमी होतात, तिसऱ्यात कमी आजारी दाखल होतात, दोन्ही वर्गांची सरासरी सुधारते, आणि तेवढ्या फेरबदलाने कोणाचेही आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नसते! म्हणून अहवालात किती ग्रंथी तपासल्या हा आकडा आप्तांनी अवश्य विचारावा.

अमेरिकेच्या नोंदींत आतड्यापुरता रोग असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के, तर दूर पसरलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात. हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावणे मला मान्य नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तरुण रुग्णांचे आणि सिग्नेट-रिंग या आक्रमक प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्यांहून अधिक दिसले आहे. आपल्या माणसांची नोंद आपणच ठेवली पाहिजे, आणि ती खेड्यातही ठेवता येते हे १९८७ पासून बार्शी, परांडा व भूम येथील ग्रामीण कर्करोग नोंदणीने सिद्ध केले. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत राहिले, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले. आतड्याच्या रोगात मात्र शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचेच असे धरून अजूनही कित्येकांचे महिने वाया जातात. दुसऱ्या स्टेजमध्ये केमोथेरपी कोणास द्यावी, हा वादाचा प्रश्न पुढील लेखांकात घेऊ.