डबा बदलला, भिंत तीच

गणपतीच्या आठवडाभर आधी वहिनींचा फोन. "भावजी, नवा राऊटर घेतला, चांगला सहा अँटेनांचा. तरी पोरीच्या खोलीत क्लास अडकतोच. तुम्ही एकदा येऊन बघता का?" उरणच्या द्रोणागिरीतली नवी इमारत, सातवा मजला. जाऊन पाहिलं तर कंपनीचा पांढरा डबा मुख्य दाराच्या वर, लाइनमनने डक्टमधून फायबर आत घेतली तिथेच. त्याला चिकटून नवा राऊटर, उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा पाय वर करून. लॅपटॉपला वायर लावून वेग मोजला. प्लॅन १०० एमबीपीएसचा, आकडा आला ९४. नेट घरापर्यंत पुरेपूर येत होतं आणि हॉलमध्येच संपत होतं.

'नेट स्लो, म्हणजे राऊटर खराब' हा पहिला गैरसमज. त्याची तपासणी फुकटात होते. वायर लावून मोजा, मग वायफायवर डब्याच्या शेजारी बसून, मग आतल्या खोलीत. वायरीवरच वेग कमी असेल तर राऊटर बदलून काही होणार नाही. लाइनमनला बोलवा आणि 'पॉवर किती येते' ते विचारा. त्याच्या मीटरवर फायबरमधला उजेड उणे आकड्यात दिसतो. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या फायबरच्या डब्याला साधारण उणे २७ पर्यंतचा उजेड वाचता येतो, त्याखाली 'लॉस'चा लाल दिवा ठरलेला. दाराशी वेग चांगला आणि आत मेलेला असेल, तर भांडण भिंतीशी आहे.

आणि उरणमध्ये भिंती तऱ्हेतऱ्हेच्या. गावातल्या जुन्या घरांना जाड दगडी भिंती. करंज्याच्या कोळीवाड्यात घराला घर लागून, त्यामुळे शेजारच्या दहा वायफायांचा गोंगाट. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, तेव्हापासून द्रोणागिरीच्या टॉवरांकडे वळणारेही वाढले. वहिनींची इमारत मायवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली. तिथे खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, सळया घातलेल्या काँक्रीटच्या आहेत. अशा दोन भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पार थकतो. वर वाटेत आरशाचं लोखंडी कपाट. आरशामागचा धातूचा पातळ थरसुद्धा लहरी परत फेकतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

अँटेना मोजून राऊटर घेणं हे मिशा मोजून पैलवान निवडण्यासारखं. राऊटरने किती ताकदीने बोलायचं यावर सरकारी मर्यादा आहे, आणि ती अँटेना वाढवून वाढत नाही. जास्त अँटेनांचा उपयोग एकाच वेळी अनेक धारांत डेटा पाठवायला होतो, पण बहुतेक फोनांत दोनच धारांची सोय असते. शिवाय बोलणं दुतर्फा असतं. राऊटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचा बारीक आवाज उलट पोचायला हवा. फोनवर वायफायच्या दोन कांड्या दिसतात आणि तरी पान उघडत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच.

'आमचा फोन ५जी आहे, म्हणून ५जी वायफाय घेतलं' हेही रोजचं. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी. वायफायच्या नावापुढचा ५ हा गिगाहर्ट्झचा आकडा. दोघांचा काडीचा संबंध नाही. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, पण तिथे एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. कोळीवाड्यात ते कधीच भरलेले असतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी, पण भिंतीपुढे दम कमी. म्हणून दोन्ही पट्टे देणारा राऊटर घ्यायचा, यात दुमत नको.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे. एसी १२०० म्हणजे १२०० चा वेग असं दुकानात सांगतात. ती बेरीज असते, २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि तेही कागदावरचे आकडे. खरी मेख पाठीमागे असते. या वर्गातल्या बऱ्याच स्वस्त राऊटरांची वायरीची भोकं १०० एमबीपीएसचीच असतात. ३०० चा प्लॅन घेऊन असा राऊटर लावला की ९५ च्या पुढे जन्मात जाणार नाही. खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द शोधा. माझ्या मते अँटेनांपेक्षा आणि वायफाय ६ की ७ या वादापेक्षा हे दोन शब्द महत्त्वाचे. (१०० चा प्लॅन असताना डाऊनलोड १२ च दाखवतं म्हणून चिडणाऱ्यांसाठी: प्लॅन बिट्समध्ये, डाऊनलोड बाइट्समध्ये. आठाने भागा.)

'स्वतःचा राऊटर घेतला की कंपनीचा डबा परत' हा महागात पडणारा गैरसमज. त्या डब्यात तीन कामं एकत्र असतात. फायबरमधल्या उजेडाचे विजेचे संकेत करायचे, घरातल्या सगळ्या उपकरणांना वाट द्यायची, आणि वायफाय सोडायचं. बाजारातला साधा राऊटर शेवटची दोन करतो. पहिल्यासाठी ओएनटी, म्हणजे कंपनीचा हा डबा, लागतोच, आणि कंपनीच्या यंत्रणेत त्याचा नंबर नोंदलेला असतो. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचं उपकरण जोडायचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे प्रत्यक्षात कंपनीला विचारूनच पुढे जावं लागतं. डबा ब्रिज मोडवर टाकून देता का, हा नेमका प्रश्न. हो म्हणाले तर डबा फक्त उजेडाचं काम करतो आणि युजरनेम-पासवर्ड तुमच्या राऊटरमध्ये भरायचा. नाही म्हणाले तरी नवा राऊटर त्याच्या मागे लावता येतो. तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा आणि जुन्याचं वायफाय बंद करा, म्हणजे दोघांची ओढाताण होत नाही. फोन किंवा टीव्ही त्याच डब्यावर चालत असेल तर ब्रिजच्या आधी तेही विचारून घ्या. काही ठिकाणी केबलवाले राऊटरचा मॅक पत्ता बांधून ठेवतात. नवा लावला की नेट बंद, आणि लोक तो 'डिफेक्टिव्ह' म्हणून दुकानात परत नेतात. एका फोनवर 'मॅक रिसेट करा' सांगितलं की काम होतं.

रिपीटरबद्दल थोडक्यात. जिथे सिग्नल मेलाय तिथेच तो लावला, तर तो मेलेला सिग्नलच पुढे वाटणार. साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच पट्ट्यावर, त्यामुळे वेगही जवळजवळ निम्मा होतो. मेश (एकच वायफाय वाटणारी जोडलेली युनिटं) चांगलं, पण मायवानच्या भिंतीत त्याचीही दमछाक होते. दोन युनिट वायरीने जोडली तर प्रश्नच मिटतो.

वीज गेल्यावरचं राहिलंच. ६७२ मेगावॅटचं वायू विद्युत केंद्र बोकडविऱ्यात आणि पावसाळ्यात दिवे उरणकरांचेच जातात, हा विनोद आम्हाला जुना झाला. लोक मिनी यूपीएस घेतात आणि राऊटरला लावतात, ओएनटी तसाच विझलेला. दोघांनाही लावायचा, आणि आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचायचे, बहुतेक १२, कुठे ९. रस्त्यावरच्या फायबरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे कंपनीच्या टोकाला बॅकअप असेल तर गल्ली अंधारात असतानाही नेट चालू राहतं.

वहिनींकडे शेवटी नवा राऊटर परत केला नाही. बारा मीटर कॅट ६ वायर आणली, छताच्या कडेने पॅसेजपर्यंत ओढली आणि राऊटर पोरीच्या खोलीच्या दाराशी टांगला. खोलीत ८८ आला. वायर राऊटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडली, ते मी बोललो नाही. परवा आरतीला गेलो तेव्हा एका अँटेनाला किल्ल्यांचा जुडगा अडकवलेला दिसला. तेवढा काढायला सांगितला.