विंडोज सोडून लिनक्सवर जाताय? आधी फाईली उघडून बघा

फोनबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज घरातल्या कोपऱ्यातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल बोलूया. आणि माझ्याकडून झालेल्या एका घोळाबद्दल, म्हणजे तुमच्याकडून तो होणार नाही.

आमच्या घरी २०१४ साली असेंबल केलेला पीसी आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. वापरतात बाबा. ते सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे सभांची इतिवृत्तं, नोटिसा, पावत्या सगळं त्यावरच. त्यात विंडोज १० होतं आणि १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा सपोर्ट संपला. म्हणजे पीसी बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबतात. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची सोय जाहीर झाली, पण तीही वर्षभराचीच. बरं, विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा पीसी तिथेच बाद.

मग मी म्हटलं, लिनक्स टाकू.

लिनक्स म्हणजे नक्की काय?

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने एक कर्नल लिहायला घेतला. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. तुमचा अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. म्हणजे "लिनक्स आपल्याला जमणार नाही" म्हणणाऱ्याच्या खिशातच लिनक्स असतं! या गाभ्याभोवती बाकीची सॉफ्टवेअर बांधून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. मी लिनक्स मिंट निवलं, कारण ते फुकट आहे, जुन्या पीसीवर चालतं आणि त्याचा स्टार्ट मेन्यू, टास्कबार बाबांना ओळखीचा वाटेल असा आहे.

पेन ड्राइव्ह तयार केला, पीसी त्यावरून सुरू केला, आणि "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" हा पर्याय निवडला. त्याआधी डॉक्युमेंट्स आणि फोटोंचा बॅकअप घेतला होता हं. तेवढा शहाणपणा होता.

आणि मग घोळ

दुसऱ्या दिवशी बाबांनी मागच्या वर्षीचं इतिवृत्त उघडलं. स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. मराठी एक अक्षर नाही. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, सगळं गेलं का रे?" रविवारी वार्षिक सभा होती. माझे हातपाय गार पडले.

गेलं काहीच नव्हतं. पण हे समजायला माझी अख्खी रात्र गेली, म्हणून नीट सांगतो.

युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाईलच्या आत खरं म्हणजे मराठी नसतंच. आत साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. फॉन्ट फक्त त्या जागी "क" किंवा काना यांचं चित्र दाखवतो. फॉन्ट नसेल, तर आतली अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये मात्र "क"ला स्वतःचा क्रमांक असतो. म्हणून तुम्ही फोनवरून पाठवलेला मराठी मेसेज समोरच्याच्या कुठल्याही फोनवर मराठीच दिसतो.

मी फाईली घेतल्या, पण विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर घ्यायचं राहिलं आणि डिस्क तर पुसलेली. शेवटी बाबांच्या कपाटात फॉन्टची जुनी सीडी सापडली. फॉन्टची फाईल लिनक्समध्ये इन्स्टॉल केली आणि इतिवृत्त जसंच्या तसं दिसायला लागलं. ज्या नोटिसांच्या पीडीएफ होत्या त्या तर पहिल्यापासून नीट दिसत होत्या, कारण त्यांच्यात फॉन्ट आतच भरलेला होता.

तर तुम्ही काय करायचं?

१. आधी फक्त ट्राय करा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स इन्स्टॉल न करताही चालवता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का बघा. तुमच्या खऱ्या फाईली त्यात उघडून बघा. मी हेच केलं नव्हतं.

२. बॅकअपमध्ये फॉन्टही घ्या. महत्त्वाच्या कागदांच्या पीडीएफ करून ठेवा.

३. जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते, त्यामुळे त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. नंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. गडबड तिथेच होते.

४. टायपिंगचं बघा. लिनक्समध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे. पण बाबांचा हात टाइपरायटरच्या पद्धतीवर बसलेला. नवीन कीबोर्डची सवय व्हायला महिना गेला आणि कुरकुर अजून चालू आहे. हा त्रास धरूनच चाला.

कुणी जाऊ नये?

रोजचं काम टॅली, फोटोशॉप किंवा कोरलड्रॉवर असेल तर थांबा. ही सॉफ्टवेअर थेट लिनक्ससाठी मिळत नाहीत. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनीही नाद सोडा. पण ब्राउझर, यूट्यूब, ईमेल आणि लिब्रेऑफिसमधली पत्रं एवढंच काम असेल, तर १० वर्षं जुना पीसी भंगारात घालायची काही गरज नाही.

सभा झाली रविवारी. इतिवृत्त वाचलं गेलं, मंजूर झालं. सिस्टीम बदलली हे कुणाला कळलंही नाही.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आईबाबांची एखादी जुनी मराठी फाईल स्वतःच्या फोनवर पाठवून उघडा. मराठी दिसली नाही, तर लिनक्सवर जा किंवा जाऊ नका, त्या फाईली आधी वाचवा. काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!