कैदेसाठी निवडलेले रम्य गाव

रत्नागिरीच्या प्रेमात मी पडले, ती एकटी गेले होते म्हणून. सोबत कोणी असते, तर थिबा पॉइंटवर दहा मिनिटे थांबून, फोटो काढून आम्ही गणपतीपुळ्याच्या वाटेला लागलो असतो. दिवाळी नुकतीच सरली होती. कोल्हापूरहून एसटीने आंबा घाट उतरून मी दुपारी पोहोचले. लॉजच्या वहीत नाव लिहिताना ‘एकट्याच का?’ हा ठरलेला प्रश्न आला. संध्याकाळी थिबा पॉइंटच्या कठड्याशी बसले, ती अंधार पडेपर्यंत. खाली भाट्याची खाडी समुद्राला मिळत होती, होड्यांवर एकेक दिवा लागत होता. पन्नाशी ओलांडल्यावर, कोणाला न विचारता, कोणासाठी न थांबता घालवलेली माझी ती पहिली संध्याकाळ. दोन दिवसांसाठी आले होते, पाच दिवस राहिले.

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते वाचनालयातून, नोकरी सांभाळून. पण वाचनाने एक खोड लागली, आवडलेल्या गोष्टीवर संशय घेण्याची. मला इतके रम्य वाटणारे गाव इंग्रजांनी एका राजाला डांबायला का निवडले असेल?

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ साली तो गादीवर आला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि त्याला पदच्युत करून आधी मद्रासला आणले. एप्रिल १८८६ मध्ये राणी सुपायालत, तिची धाकटी बहीण असलेली दुसरी राणी आणि लहानग्या राजकन्यांसह तो रत्नागिरीला पोहोचला. तेव्हा नकाशावर हे गाव कसे होते? पाठीशी सह्याद्री, पुढे समुद्र. रेल्वे नाही, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. मुंबईशी संबंध मुख्यतः आगबोटींचा, आणि पावसाळ्यात तोही तुटे. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचे, तर याहून सोयीची जागा कोणती? मला जी शांतता भावली, ती त्याच्या बंदोबस्ताचा भाग होती. डोंगर, खाडी, समुद्र सगळे तेच. फरक इतकाच की माझ्या पर्समध्ये परतीचे तिकीट होते.

लाल राजवाडा पाहताना पर्यटकांची एक गल्लत होते. राजाने सगळी वर्षे याच सज्जातून समुद्र पाहिला, असे आपण धरून चालतो. मीही धरले होते. प्रत्यक्षात वाड्याचे काम १९०६ ते १९१० या काळात झाले. त्याआधीची चोवीस वर्षे हे कुटुंब बंगल्यांतच राहत होते. वाड्यात राजाला मिळाली जेमतेम सहा वर्षे; डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. वाडा मिळाला, सुटका नाही.

राजा नव्या वाड्यात गेला त्याच हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळक ‘गीतारहस्य’ लिहीत होते. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ सालचा. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत, एकाच सरकारचे कैदी. टिळक १९१४ साली सुटून आले; थिबा मात्र कधीच परतला नाही. त्याची आणि त्याच्याआधी वारलेल्या धाकट्या राणीची समाधी रत्नागिरीतच आहे.

गावाच्या प्रेमाची खरी गोष्ट मात्र थोरल्या राजकन्येची. पहाऱ्याला असलेल्या गोपाळ सावंतांशी तिचे संबंध जुळले. ते विवाहित होते. १९०६ साली तिला मुलगी झाली, टुटू. यावर कादंबऱ्या लिहाव्यात असे लोकांना वाटते, आणि आपणही ‘राजकन्या व पहारेकरी’ म्हणून ती गोष्ट चवीने सांगतो. पण बाहेरचा पुरुष जिच्या आयुष्यात येऊच शकत नव्हता, तिने कोणाला निवडायचे, याचा विचार करताना ती चव जाते. १९१९ साली सरकारने कुटुंबाला ब्रह्मदेशी जाऊ दिले. थोरली राजकन्याही गेली, आणि पुढे रत्नागिरीला परत आली. या वेळी तिला कोणी आणले नव्हते. ऐश्वर्य नव्हते, वाडा नव्हता. १९४७ साली ती इथेच वारली. टुटू तर रत्नागिरीचीच झाली. मराठी बोलणारी, मराठी संसार केलेली.

तिचे परत येणे प्रेम होते की निरुपाय, हे मी ठरवणार नाही. पण त्यानंतर ‘मी रत्नागिरीच्या प्रेमात आहे’ हे वाक्य मला पूर्वीइतके सहज म्हणता येत नाही. मी चार दिवसांची पाहुणी. मला गाव सुंदर दिसते, कारण ते मला धरून ठेवत नाही.

तरीही दरवर्षी जाते. आता थिबा पॉइंटच्या आधी समाधीपाशी जाते, थोडी बसते. मग खाडी पाहायला. परवा निघताना लॉजवाल्यांनी वही पुढे केली आणि काहीच न विचारता म्हणाले, ‘ताई, पुढच्या वेळी आधी फोन करा, समुद्राकडची खोली ठेवतो.’

सकाळच्या कोल्हापूर गाडीत मला खिडकी मिळाली.